चार मिलिमीटर

मामांनी नोट डोळ्यांनी ओळखणं कधीच सोडून दिलं होतं. गिऱ्हाइकाने दिलेली नोट ते दोन बोटांच्या बेचक्यात अडकवत, तिचं दुसरं टोक तळहातावर कुठवर येतं ते अंगठ्याने चाचपत आणि गल्ल्याच्या नेमक्या कप्प्यात टाकत. सांगलीतल्या त्यांच्या किराणा दुकानात सुट्टीत बसायचो तेव्हा मला ती त्यांची लकब वाटायची. त्यांना काचबिंदू आहे हे घरात कळलं फार उशिरा.

काचबिंदू असाच येतो. बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होत जाते. दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेची नजर जाते. मधली शाबूत असते, त्यामुळे माणूस पेपर वाचतो, वही लिहितो. फक्त दाराच्या चौकटीला खांदा लागतो, पायरी चुकते. घरचे म्हणतात, वय झालं. नाहीतर म्हणतात, मोती आला असेल, पिकू दे, मग काढू.

हे ‘पिकू दे’ मला आजही छळतं. मोतीबिंदूसुद्धा पिकायची वाट पाहावी लागण्याचे दिवस केव्हाच सरले. नजर कामाला अडू लागली की भिंग बदलता येतं. तरीही २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या माणसांच्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण मोतीबिंदूच निघालं, सुमारे ६६ टक्के. ज्यावर इलाज आहे त्यानेच इतकी माणसं अंधारात बसलेली. काचबिंदूचं उलट. त्यात गेलेली नजर परत येत नाही. उरलेली तेवढी औषधाच्या थेंबांनी जपायची. दोन्ही शब्द ‘बिंदू’वर संपतात, आणि त्या सारखेपणात मामांची मोलाची वर्षं गेली.

२०१६च्या डिसेंबरात दिव्यांग हक्कांचा नवा कायदा झाला. निरोगी डोळा जे अक्षर साठ मीटरवरून वाचतो, ते तीन मीटरवर आणूनही चांगल्या डोळ्याला, चष्मा लावूनही, वाचता येत नसेल तर तो माणूस कायद्याने अंध. किंवा नजरेचं क्षेत्र दहा अंशांहून कमी उरलं असेल तर. मामा या दुसऱ्या मापात बसले. डोळ्याची मोजणी चोख झाली, दाखला मिळाला.

पण त्याच वर्षी, कायद्याच्या महिनाभर आधी, नव्या नोटा यायला सुरुवात झाली होती. त्यांची मोजणी मी घरी पट्टी घेऊन केली. जुनी शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब, जुनी पाचशेची १६७. दहा मिलिमीटरचा फरक, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. मामांचा अंगठा त्यावर जवळपास तीस वर्षं चालला. नवी पाचशेची १५०, दोनशेची १४६, शंभराची १४२. लागोपाठच्या दोन नोटांत फरक चार मिलिमीटर. शिवाय जुनी शंभराची अजून चलनात, आणि ती नव्या पाचशेपेक्षा लांब. स्पर्शाने ओळखायला उठावाच्या खुणा असतात, पण बाजारात घामाच्या हातांतून फिरून त्या सपाट होतात. नोट ओळखून बोलणारी ॲप आहेत. दुकानात पाच माणसं खोळंबलेली असताना प्रत्येक नोटेपुढे फोन कोण धरणार?

एका संध्याकाळी मामांनी एका पोराला शंभर म्हणून पाचशे परत दिले. ते पोर प्रामाणिक होतं, परत आणून देऊन गेलं. मामा त्याला ‘शाबास’ म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून गल्ल्यावर मामी बसू लागली. त्या रात्रीत त्यांची नजर तसूभरही कमी झाली नव्हती. बदलली होती ती नोट. तिच्यासाठी दाखला देणारं कुणी नव्हतं, आणि मामांना मात्र आता दुकान ‘झेपत नाही’ असं घरात आम्ही सगळे बोलू लागलो. मीही बोललो.

फोनवरचं वाचन ते जिद्दीने शिकले. पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक लावून बातम्या ऐकू लागले. पण एका योजनेच्या माहितीची मराठी पीडीएफ उघडली तर फोन नुसती इंग्रजी अक्षरं बडबडत सुटला. कागद जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेला होता. त्या फॉन्टात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार चिकटवलेले असतात. डोळ्याला ‘क’ दिसतो, यंत्राला भलतंच काही. मामा म्हणाले, “अरे, हे मराठीच नाही की.” खरंच नव्हतं. मराठीचं चित्र होतं. युनिकोडमध्ये टंकायला एक पैसाही जादा लागत नाही, तरी असे कागद आजही निघतात, आणि हे मला माफ करता येत नाही.

गेल्या दिवाळीला गेलो तर मामा गल्ल्यावर. समोर, फोनवरून पैसे आले की आकडा मोठ्याने सांगणारा छोटा स्पीकर. तो अंधांसाठी म्हणून केलेला नाही; दुकानदाराला सारखा फोन बघायला लागू नये म्हणून केलाय. “एकशे चाळीस रुपये मिळाले,” असं तो मराठीत म्हणाला आणि मामांनी न वळता साखरेची पुडी पुढे सरकवली. नोटा देणारी गिऱ्हाइकं अजून असतात. त्यांच्यासाठी मामी शेजारी स्टुलावर बसते, गवार निवडत.