सोळा सहस्र एकशे आठ आणि आजचा गृहस्थ

श्रीकृष्णचक्रवर्तींना सोळा सहस्र एकशे आठ राण्या होत्या. मग गृहस्थाने दुसरी पत्नी केली तर दोष कोणता, हा प्रश्न वासनिकांत अधूनमधून निघतो. विचारणारा बहुधा हसत विचारतो. ज्या घरी तो खरोखर उभा राहतो तेथे कोणी हसत नाही.

परमेश्वर अवताराची लीळा जीवाने स्मरावयाची असते. तिची बरोबरी करावयाची नसते. गोवर्धन उचलण्याची हौस कोणी धरीत नाही; अनुकरणास नेमका विवाहच कसा सापडतो? शिवाय लीळेत घडले काय? रुक्मिणीने स्वतः पत्र धाडून वर वरिला. महदाइसेने धवळ्यांतून तोच विवाह गायिला. नरकासुराच्या बंदीतील स्त्रियांना कोणी घरात घेतले नसते. त्यांना पत्नीपद लाभले. तेथे स्त्रीला पद मिळाले. आजच्या दुसऱ्या लग्नात पहिलीचे पद जाते आणि दुसरीलाही ते मिळत नाही.

पुत्रासाठी दुसरी केली, हे दुसरे समर्थन. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंच्या द्विभार्या विवाहास बंदी केली, तेव्हा हेच पुढे आले. १९५१ मध्ये नरसू आप्पा माळी खटल्यात न्या. छागला व न्या. गजेंद्रगडकर यांनी तो कायदा वैध ठरविला. पुत्राची आवश्यकता सांगणारा धर्म दत्तकही सांगतो, हे छागलांचे उत्तर आजही पुरेसे आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने एकपत्नीत्व देशभर आणिले. तरी वाट उरलीच. महाराष्ट्रातीलच भाऊराव लोखंडे खटल्यात, १९६५ साली, दुसऱ्या लग्नात होम व सप्तपदी सिद्ध झाली नाही म्हणून आरोपी सुटले. विधी अपुरा ठरला, संसार मात्र पुरा मोडला.

जुन्नर-आंबेगावात हा प्रश्न अधिक बारीक होतो. घोडेगावच्या बाजारात एकाच दुकानी दोन स्त्रिया उभ्या असतात; एक बागायती गावच्या शेतकऱ्याची, दुसरी भीमाशंकराकडच्या महादेव कोळ्याची वा ठाकराची. पहिलीला १९५५ चा कायदा आहे. दुसरीला नाही, कारण त्याच कायद्याच्या कलम २ (२) ने अनुसूचित जमाती वगळल्या आहेत. यावरून डोंगरात घरोघर दोन बायका आहेत असे कोणी समजू नये. एकीबरोबरच जन्म काढणारेच तेथे बहुत. परंतु एखादीवर सवत आलीच, तर जमातीच्या रूढीने ते लग्न निरर्थक ठरते हे तिलाच सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या एका निर्णयाचा हाच अर्थ होतो. रूढी लिहिलेली नसते. सांगणारे पंच, आणि पंच पुरुष. उत्तराखंडच्या २०२४ च्या समान नागरी संहितेनेही जमातींना वगळलेच आहे.

तेव्हा बहुपत्नीत्वास कायद्याने मोकळीक द्यावी, हे म्हणणे ग्राह्य नाही. असलेली फटच बुजवावी. जमातीचे लग्नविधी, देज, गाणी यांना हात लावण्याचे कारण नाही. कायदा जमातीस लागू करण्याची अधिसूचना केंद्र सरकारला त्याच कलमाखाली काढता येते. ती काढण्यापूर्वी विचारावयाचे ते त्या वाड्यांतील स्त्रियांना, पंचांना नंतर.