भग्न मूर्तीचा अधिकार

मूर्तीचा हात मोडला, नाक झिजले, प्रभावळ कोसळली, आणि ज्या देवळात ती उभी होती ते देऊळही दोनचार खांबांपुरते उरले, म्हणजे त्या मूर्तीतील देव कोठे जातो, हा प्रश्न परभणी जिल्ह्यात राहणाऱ्या मनुष्याला ग्रंथ उघडून शोधावा लागत नाही. जिंतूर तालुक्यातील चारठाण्यात जुनी देवळे आणि त्यांच्यामध्ये ताठ उभा असलेला तो कोरीव शिलास्तंभ पाहून परत फिरावे, किंवा गंगाखेड तालुक्यात गोदाकाठच्या धारासूरला गुप्तेश्वराच्या देवळाच्या मंडोवरावरील, म्हणजे बाहेरच्या भिंतीवरील, सुरसुंदरींसमोर घटकाभर थांबावे, की तो प्रश्न आपणहून समोर येतो. या भागातल्या कितीतरी गावांत पिंपळाच्या पाराला टेकवून ठेवलेली एखादी विष्णुमूर्ती असते. कमरेखाली मातीत गेलेली, चार हातांपैकी दोन कोपरापासून नाहीसे झालेले, किरीटावरची नक्षी शेंदराच्या थरांखाली बुजलेली. कपाळावरचे कुंकू मात्र त्याच सकाळचे, अजून ओले, आणि पायाशी ठेवलेल्या खोबऱ्याच्या तुकड्याभोवती मुंग्यांची रांग लागलेली. या मूर्तीला देव म्हणावे, की दगड म्हणावे, की इतिहासाचे साधन म्हणावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हाच माझ्या विवेचनाचा विषय आहे. कारण अशा मूर्तींसाठी परभणीस एखादे वस्तुसंग्रहालय असावे असा विचार अधूनमधून बोलला जातो, आणि तो मला मनापासून इष्ट वाटत असला तरी या प्रश्नाचा निर्णय केल्यावाचून त्या संग्रहालयाची पहिली मूर्ती गावातून हलवू नये असे माझे मत आहे.

शास्त्राचे म्हणणे प्रथमदर्शनी अगदी निःसंदिग्ध आहे. मूर्ती हे देवाचे अधिष्ठान. ते भंगले की त्यात आवाहन केलेले चैतन्य विधिपूर्वक कलशात उतरवून घ्यावे, नव्या मूर्तीच्या ठायी त्याची प्रतिष्ठा करावी, आणि जुनी मूर्ती काष्ठाची असल्यास अग्नीला, पाषाणाची असल्यास जलाला अर्पण करावी, असा जीर्णोद्धाराचा विधी अग्निपुराणासारख्या ग्रंथांतून सांगितलेला आहे. या विधीमागचा विचार मला फार निर्मळ वाटतो. ज्या धर्माला आपण मूर्तिपूजक म्हणून ओळखतो, त्याने मूर्तीविषयी इतकी अनासक्ती बाळगावी, शिल्पीने वर्षानुवर्षे खपून घडविलेली वस्तू तिचे कार्य संपताच डोहात सोडण्यास सांगावे, यात सौंदर्याची उपेक्षा नाही. परमेश्वर कोणत्याही रूपात कोंडला जात नाही या प्रतीतीचा तो स्वच्छ आविष्कार आहे. नदीच्या पात्रात किंवा बारवेचा गाळ काढताना जेव्हा एखादी मूर्ती हाती लागते, तेव्हा ती भीतीपोटी लपविली गेली असेल, किंवा अशाच एखाद्या विधीने तिला निरोप दिला गेला असेल. आणि दुसरा तर्क खरा असेल तर तिला पुन्हा वर काढून पादपीठावर उभे करताना एका पूर्ण झालेल्या संस्काराला आपण उलटे फिरवीत आहोत, याची जाणीव निदान ठेवली पाहिजे.

तथापि शास्त्र एवढ्यावर थांबत नाही. स्वयंभू लिंग आणि बाणलिंग यांना झिजण्या-फुटण्याचा दोष लागत नाही, असे मानले गेले आहे. याहून विलक्षण निर्णय जैन परंपरेत आढळतो. अलाउद्दीन खिलजीच्या दिल्लीत कोषागाराच्या चाकरीत असलेल्या ठक्कुर फेरू नावाच्या जैन गृहस्थाने 1315 साली ‘वास्तुसार’ हा प्राकृत ग्रंथ रचला, आणि त्यात असे सांगितले की श्रेष्ठ पुरुषांनी स्थापन केलेली, शंभर वर्षांहून अधिक जुनी प्रतिमा विकलांग झाली तरी ती पूज्यच समजावी, तिचे पूजन निष्फळ होत नाही. ज्या सुलतानाच्या फौजांनी देवगिरीच्या यादवांचे वैभव हिरावून घेतले, त्याच्याच सेवेतील एका कारकुनाने भग्न प्रतिमांच्या बाजूने हा निवाडा लिहून ठेवावा, हे मनाला स्पर्श करून जाते. त्यानंतर साडेसहाशे वर्षांनी, 1972 साली, भारताच्या संसदेने पुरावस्तूंचा कायदा केला आणि मूर्तीला पुरावस्तू ठरविण्यासाठी तिनेही शंभर वर्षांचीच मर्यादा घातली. एकाला पूजेची चिंता, दुसऱ्याला चोरट्या निर्यातीची. तरी दोघांनी एकाच आकड्यावर बोट ठेवले, याला मी निव्वळ योगायोग समजत नाही. शंभर वर्षे म्हणजे तीनचार पिढ्या. ज्याने प्रतिष्ठा केली त्याला प्रत्यक्ष पाहिलेले कोणी त्या अवधीत उरत नाही, आणि मूर्ती कर्त्याच्या व यजमानाच्या हातून सुटून साऱ्या समाजाच्या स्वाधीन होते. मंत्राने जे एका मुहूर्तावर घडते, ते काळही आपल्या संथ गतीने घडवितो.

काळाचे हे काम डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर पंढरपूरला जावे. असंख्य वारकऱ्यांच्या हातांनी आणि मस्तकांनी श्रीविठ्ठलाच्या चरणांची झीज होत आली, आणि ती थांबविण्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी गाभाऱ्यात जाऊन मूर्तीला वज्रलेप केला. वज्रलेप ही गोष्ट नवी नाही, वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरणच आहे. विचार करण्याजोगे एवढेच, की संग्रहालयाच्या दृष्टीने जी हानी, तीच भक्ताच्या दृष्टीने सातशे वर्षांच्या स्पर्शाची मुद्रा. आणि हे दोन्ही पक्ष त्या गाभाऱ्यात एकमेकांचा अवमान न करता शेजारी उभे राहू शकले. आमच्या लोकांना स्पर्शावाचून वस्तू कळत नाही, हे परभणीतही दिसते. येथील कृषी विद्यापीठात 18 मे आणि 17 सप्टेंबर या दिवशी जो शेतकरी मेळावा भरतो, त्यातील प्रदर्शनात शेतकरी ज्वारीचे कणीस हातात घेऊन दाबून पाहतो, बियाणे तळहातावर पसरून फुंकर घालतो, मग बोलतो. तोच शेतकरी ‘हात लावू नये’ अशी पाटी असलेल्या दालनात शिरला की पायरीवरच वहाणा काढून ठेवतो आणि काचेआडच्या महिषासुरमर्दिनीसमोर हात जोडतो. पहारेकऱ्याला ते अज्ञान वाटते. मला तो त्या दालनातील सर्वांत योग्य अर्थ लावणारा प्रेक्षक वाटतो.

पूजन आणि जतन ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत अशी समजूत आपल्याकडे नेहमीच होती असे नाही. परभणी येथे सापडलेला वेमुलवाड्याच्या चालुक्यांतील तिसऱ्या अरिकेसरीचा ताम्रपट शके 888 मधील, म्हणजे इ. स. 966 चा आहे. ‘यशस्तिलकचंपू’ आणि ‘नीतिवाक्यामृत’ यांचे कर्ते जे आचार्य सोमदेवसूरी, त्यांना शुभधाम जिनालयासाठी एक गाव दिल्याची ती सनद होय. या दानाचा हेतू त्या ताम्रपटात सांगितला आहे तो असा, की देवालयाचा जो भाग मोडेल-तडकेल त्याची दुरुस्ती व्हावी, त्यास चुन्याचा लेप मिळावा, आणि देवाला नैवेद्य चालावा. दुरुस्ती, चुना आणि नैवेद्य! तिन्हींचा खर्च एकाच उत्पन्नावर टाकलेला, एकाच वाक्यात गोवलेला. भिंतीची चीर बुजविणारा गवंडी आणि देवापुढे पान वाढणारा पुजारी हे एकाच सेवेचे दोन हात आहेत, ही धारणा त्या काळी इतकी सहज होती की तिचे समर्थन करण्याची गरज कोणाला भासली नाही. परभणीच्या तुराबुल हक दर्ग्यात फेब्रुवारीच्या उरुसाला संदल निघते, तेव्हा मजारीला चंदनाचा लेप देणारे हातही अर्चना आणि देखभाल यांत भेद करीत नाहीत.

हा धागा पुढे दफ्तरात तुटला. निजामी अमदानीत देवळांची आणि दर्ग्यांची इनामे, सेवेच्या मोबदल्यातील खिदमतमाश जमिनी, त्यांचे मुंतखब म्हणजे दाखले, आणि वारसांचे तंटे हे सर्व उमूर-ए-मजहबी, म्हणजे धर्मविषयक, खात्याच्या कचेरीत जात. 1914 साली हैदराबाद संस्थानात पुराणवस्तू खाते निघाले, आणि गुलाम यझदानींसारख्या थोर अभ्यासकाच्या देखरेखीखाली शिल्पांची नोंद, मोजमाप व डागडुजी यांचे दुसरे दफ्तर सुरू झाले. यझदानींच्या कार्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु तेव्हापासून नैवेद्य एका खात्याकडे आणि चुना दुसऱ्याकडे गेला, आणि 1948, 1956 व 1960 साली राज्यव्यवस्था बदलूनही तो तसाच राहिला. आज जमिनीत मूर्ती सापडली की 1878 च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे वर्दी जाते. तलाठी येतो, पंच बसतात, ‘काळ्या पाषाणाची मूर्ती, उजवा हात भग्न’ असा पंचनामा होतो, गावातील बायका तोवर तिला पाणी घालून हळदकुंकू वाहून मोकळ्या झालेल्या असतात, आणि ते कुंकू पंचनाम्यात येत नाही.

मूर्तीला कोठे राहावयाचे हे तिला विचारावे, ही कल्पना भाबडी वाटेल; पण ती न्यायालयांनी मान्य केलेली आहे. कलकत्त्याच्या मलिक घराण्यातील वादात 1925 साली प्रिव्ही कौन्सिलने असे ठरविले की कुलदेवता ही केवळ मिळकत नव्हे, तिला स्वतःची इच्छा आहे, आणि तिच्या स्थानांतराचा प्रश्न आला तर तिच्या वतीने निःस्वार्थ मनुष्याने बोलावे. पुढे तमिळनाडूतील पत्तूर गावच्या नटराजासाठी लंडनच्या न्यायालयात जो दावा चालला, त्यात त्या गावच्या पडक्या देवळातील शिवलिंगच वादी म्हणून उभे राहिले आणि जिंकले; 1991 साली नटराज स्वदेशी आला. परंतु तो आपल्या गावच्या गाभाऱ्यात पोचला नाही. चोरीच्या भयाने त्याची रवानगी सरकारी सुरक्षित कोठारात झाली. ज्याच्या अधिकारासाठी सातासमुद्रापलीकडे लढा दिला, त्याला घरी येताच कुलपाआड ठेवावे लागले, या शेवटाने मी फार अस्वस्थ होतो.

अस्वस्थतेचे एक कारण असे, की कोठाराच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. गावाने मूर्ती जपली हे खरे, तसेच गावाने तिचे हाल केले हेही खरे. आठशे वर्षांच्या मंडोवराला गुलाबी तैलरंग फासणे, गाभाऱ्यात न्हाणीघराला शोभणाऱ्या फरश्या बसविणे, कोरीव स्तंभ सिमेंटमध्ये गाडणे आणि या सर्वांस जीर्णोद्धार म्हणणे, हे मराठवाड्यात जागोजाग घडते. शेंदराचा प्रत्येक थर शिल्पीच्या छिन्नीची एकेक रेघ पुसून टाकतो. श्रद्धा असली म्हणजे जतनाची विद्या आपोआप येत नाही, हे श्रद्धावंतांना कोणी तरी प्रेमाने सांगितले पाहिजे. धारासूरच्या जीर्ण देवालयाचे संवर्धन अलीकडे शासनाच्या पुरातत्त्व खात्याने हाती घेतले. असे देऊळ उतरविताना एकेका दगडावर क्रमांक घालून तो पुन्हा आपल्या जागी बसवावा लागतो, आणि ते काम नुसत्या भक्तीने व्हावयाचे नाही. मी तर म्हणेन, की त्या क्रमांक घालणाऱ्याचे हात सोमदेवसूरींच्या सनदेतील गवंड्याचेच हात आहेत, आणि त्याच्या कामाला सेवा हेच नाव योग्य आहे.

उलट, विद्येवाचूनही एखादी वस्तू किती समर्थपणे जपली जाते, याचे उदाहरण आमच्या गंगाखेडच्या संत जनाबाईने दिले आहे. पंढरपूरजवळ गोपाळपुरात तिचे म्हणून जे जाते दाखवितात, त्यास शिलालेखाचा आधार नाही. तरी दळण दळून हातांना घट्टे पडलेल्या सहस्रावधी स्त्रियांनी त्या जात्याच्या खुंट्याला हात लावून दोन फेरे दिले, आणि ईश्वर दासीच्या कामाला हातभार लावतो हा सिद्धान्त कोणत्याही ग्रंथापेक्षा त्या दोन फेऱ्यांत त्यांना अधिक उमगला. जनाबाईचा देव सगुण होता तसा निर्गुणही. तिला मूर्ती भंगण्याचे भय नव्हते, पण म्हणून तिने जात्याला केवळ दगड म्हटले नाही. भग्न मूर्तीत चैतन्य शिल्लक आहे काय, या प्रश्नाला मी जनाबाईच्या मार्गाने उत्तर देईन: ते तिच्याशी चालू असलेल्या व्यवहारात आहे. कोणी तिला पाणी घालतो, कोणी तिचा कोपरा तुटू नये म्हणून जपतो, कोणी तिच्या आयुधक्रमावरून ती केशव की त्रिविक्रम हे शोधतो. जोवर यांतील एकही व्यवहार चालू आहे तोवर तिचे उद्वासन, म्हणजे तिच्यातील चैतन्याला दिलेला निरोप, झालेले नाही.

म्हणून परभणीच्या संग्रहालयाची माझी कल्पना अशी, की जी मूर्ती गावात सुखरूप आहे तिला त्याने हात लावू नये. तिच्या पारावर छप्पर कसे घालावे, शेंदूर कसा उतरवावा, एवढी विद्या गावाला नेऊन द्यावी. सेलू तालुक्यातील वालूरच्या गावकऱ्यांनी आपली चक्राकार बारव श्रमदानाने गाळातून मोकळी केली, तेव्हा ती बारव हेच प्रदर्शन झाले आणि तिच्या पायऱ्या हेच दालन. जी मूर्ती उघड्या माळावर बेवारस आहे आणि उद्या चोराच्या गाडीत जाईल, तीच आणावी. तीही ग्रामसभेत विचारून, गावाचा हक्क कायम ठेवून, आणि गावचा उत्सव असेल त्या दिवशी गावकऱ्यांनी यावे, फूल वाहावे, यास मुभा देऊन. खाली लावण्याच्या पाटीवर शतक, पाषाण आणि उंची यांच्या आधी गावाचे व शिवाराचे नाव असावे. आणि संग्रहालयाच्या नोंदवहीत, जेथे आगमनाची तारीख लिहितात त्याच्या शेजारी, आणखी एक रकाना आखलेला असावा: या मूर्तीची गावातील शेवटची पूजा कोणत्या तिथीला आणि कोणाच्या हातून झाली.