वय आणि अधिकार

तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर, मुक्ताईनगर तालुक्यांत, चांगदेवाचें जुनें देऊळ आहे. तेथें गेलें कीं कोऱ्या पत्राची आख्यायिका हटकून आठवते. चौदाशें वर्षें जगलेल्या या योग्यास ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयाचें होतें. परंतु वयानें लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, कीं ज्ञानानें थोर म्हणून नमस्कार, हें न उमगल्यामुळें त्यानें कोराच कागद पाठविला. त्याला उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनीं ‘चांगदेव पासष्टी’ लिहिली. आणि चांगदेवानें पुढें गुरु केलें तें भावंडांत सर्वांत धाकट्या मुक्ताबाईस. आख्यायिकेंतील वर्षें कोणी मोजूं नयेत. पण तिनें पुढें मांडलेला प्रश्न सर्वच समाजांचा आहे. केवळ वडीलधारेपणानें अधिकार सिद्ध होतो काय?

होतो, असें पुष्कळ समाजांनीं मानलें आहे. आफ्रिकेंत केनिया पर्वताच्या उतारावर राहणाऱ्या अमेरू लोकांत ‘न्जुरी न्चेके’ नांवाची वृद्धांची सभा तंटे मिटवी व रूढींचें रक्षण करी. मासाई या गोपालक लोकांतहि राजा नव्हता. एकाच काळीं दीक्षा घेतलेल्यांचा एक वर्ग बने. तो आधीं योद्ध्यांचा व कालांतरानें वृद्धांचा होई, आणि वृद्ध मंडळी एकत्र बसून निर्णय करीत. मराठी वाचकास हें फारसें परकें वाटूं नये. मराठी राज्यांत वतनाचा तंटा गोतसभेपुढें येई. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार जमत. महजरावर पाटील नांगराची निशाणी करी. आणि हरलेल्या पक्षाकडून यजितखत लिहून घेतलें जाई. एल्फिन्स्टननेंहि १८१९ च्या आपल्या अहवालांत पंचायतीचे दोष दाखवून शेवटीं ती टिकवावी असाच अभिप्राय दिला.

या पद्धतीचा गुण उघड आहे. न्यायाधीश निकाल देऊन मोकळा होतो. गोताला मात्र उद्यांचाहि विचार करावा लागे, कारण दोन्ही पक्षांना त्याच गांवांत राहावयाचें असे. पण जिच्यापाशीं फौज नाहीं अशा सभेचें शेवटचें शस्त्र कोणतें? वाळींत टाकणें! संन्यास सोडून संसारांत परतलेल्या विठ्ठलपंतांच्या लेकरांवर तें चाललें, असें परंपरा सांगते. ज्या मुक्ताबाईपुढें चांगदेव नमला, तिला वडीलधाऱ्यांच्याच सभेनें आधीं बहिष्कृत ठरविलें होतें. तें शस्त्र अजूनहि बोथट झालेलें नाहीं. बहिष्काराविरुद्ध १९४९ सालीं मुंबई सरकारनें केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं रद्द ठरविला. आणि महाराष्ट्राला २०१६ सालीं याच कारणासाठीं नवा कायदा करावा लागला.

यावर कोणी म्हणेल, ‘वृद्ध शहाणे असले म्हणजे झालें.’ तेंहि पुरेसें नाहीं. १९५६ सालीं न्जुरी न्चेकेनें मुलींच्या सुंतेची चाल बंद केली. निर्णय हितकर होता. त्यामागें इंग्रज अधिकाऱ्यांची प्रेरणाहि होती. परंतु ज्यांच्या देहाचा प्रश्न होता त्यांना त्या पुरुषसभेंत जागाच नव्हती. अनेक मुलींनीं बंदी धाब्यावर बसवून एकमेकींवर तो विधि केला. रूढीची पकड घट्ट होती हें खरेंच. पण न विचारतां लादलेलें हितहि माणसाला जुलूमच वाटतें.

आज महाराष्ट्रांत ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांकरितां राखीव आहेत. ही मोठी सुधारणा होय. तरी खुर्ची मिळणें निराळें आणि बोलणें ऐकलें जाणें निराळें. सून सभासद झाली, आणि उत्तर मात्र सासऱ्यानें दिलें, तर सभा पूर्वीचीच राहिली म्हणावयाची. आणि हा दोष गांवापुरताच आहे असें शहरांतील सुशिक्षितानें समजूं नये. मुलीच्या शिक्षणाचा वा विवाहाचा निर्णय आपल्या घरांतहि पुष्कळदां तिला बाहेर बसवूनच होतो.

म्हणून वृद्धांचा अनुभव टाकून द्यावा असें माझें म्हणणें नाहीं. त्यांचा अधिकार मानावा. परंतु सभेंत ज्याला जागा नाहीं त्याचें ते ऐकतात कीं नाहीं, या कसोटीवर. चांगदेवानें मायना ठरेना म्हणून कागद कोरा सोडला. आपलें वय येथें पुरें पडत नाहीं, ही त्याची कबुलीच त्यांत होती. आपल्या घरांतील आणि गांवांतील किती वडील माणसांना ती देतां येईल, हें ज्याचें त्यानें आपल्या मनाशीं पाहावें.