दुसऱ्याची ठेव

दरवर्षीं नवे विद्यार्थी आले, कीं समाजमाध्यमांवर वावरतांना आपली माहिती कशी सुरक्षित राखावी, याविषयीं एक व्याख्यान देण्याचें काम आमच्या महाविद्यालयांत माझ्याकडे येतें. तें माझ्याकडेच कां येतें, हें मला अद्यापि उमगलेलें नाहीं. मी तत्त्वज्ञानाचा अध्यापक. आणि हातांतलें तें यंत्र या मुलांना माझ्याहून शतपट अधिक कळतें. तरीपण मी बोलतों. एकच पासवर्ड जागोजाग वापरूं नये, दोन टप्प्यांची पडताळणी चालू ठेवावी, ओटीपी कोणाला सांगूं नये, छायाचित्राच्या पोटांत तें कोठें घेतलें याची नोंदही पुष्कळदां दडलेली असते, इत्यादि. हें सर्व खरें आहे, उपयोगाचें आहे, आणि अर्ध्या तासांत संपतें. संपल्यावर मात्र मनाला एक रुखरुख लागून राहते. तिचा उलगडा करण्याकरितां हा लेखनप्रपंच.

या उपदेशाचा सगळा भर भीतीवर असतो. 'तूं आपलें जप', एवढेंच त्याचें सार. त्यांतही मुलींना अधिक बजावलें जातें: छायाचित्रें लावूं नका, अनोळखी माणसाशीं बोलूं नका. तींच छायाचित्रें जो हातोहात पुढें धाडतो, त्याला उद्देशून मात्र व्याख्यानांत एक वाक्यही नसतें. चोराला मोकळा सोडून घरधन्यालाच कुलपाचें महत्त्व पटवीत बसावें, तसा हा प्रकार! मुलेंही कांहीं कमी नाहींत. 'सर, आमच्याजवळ लपविण्यासारखें आहेच काय?' हा त्यांचा ठरलेला प्रश्न. दार लावून घेणारा प्रत्येक मनुष्य आंत पापच करीत असतो असें नाहीं, असें उत्तर मी पूर्वीं देत असें. तें टाळ्या घेणारें होतें खरें. पण आतां मला अपुरें वाटतें. प्रश्नांतील 'आमच्याजवळ' हा शब्द मीं तपासल्यावांचूनच मान्य केला होता. आपल्याजवळ जें असतें, त्यांतलें आपलें किती आणि दुसऱ्याचें किती?

२०१८ सालीं उघडकीस आलेलें केंब्रिज ॲनालिटिकाचें प्रकरण या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. प्रश्नावलीचें एक ॲप कांहीं लोकांनीं फेसबुकवर घेतलें, आणि त्यांच्या माहितीबरोबर त्यांच्या मित्रांची माहितीही त्या ॲपच्या हातीं गेली. फेसबुकनें त्या वर्षीं दिलेल्या आंकड्यांप्रमाणें भारतांत तें ॲप घेणारे होते अवघे ३३५. आणि ज्यांची माहिती गेली असण्याचा संभव होता, असे एकूण ५,६२,४५५. या साडेपांच लाखांहून अधिक मंडळींपैकीं बहुतेकांनीं कांहींच केलें नव्हतें. त्यांनीं दार लावलें असेलही. किल्ली मित्राच्या खिशांत होती. मोबाईलमधील नंबरांची यादी पाहूं देण्याची परवानगी आपण एखाद्या ॲपला देतों, तेव्हां आजीचा, डॉक्टरांचा, धुणीभांडीं करणाऱ्या बाईंचा नंबर आपण त्यांना न विचारतां देऊन टाकतों. देतांना आपल्याला उदार वाटत नाहीं, कीं अपराधीही वाटत नाहीं. कांहीं वाटतच नाहीं.

कायदा या बाबतींत स्वस्थ बसलेला नाहीं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमतानें निर्वाळा दिला. संमतीवांचून टिपलेलें विवस्त्र देहाचें चित्र दुसऱ्यास पाठविणें हाही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमानें गुन्हा आहे, हें पुष्कळ विद्यार्थ्यांना ठाऊक नसतें. पण कायदा शेवटच्या टोकाला धांवून येतो. रोजच्या व्यवहारांत एकाच्या हक्काला दुसऱ्याचा संयम हाच आधार असतो.

मी चाळींत वाढलों. दोन बिऱ्हाडांमध्यें एक लांकडी पडदी. पलीकडचें भांडण, रडणें, पैशांची ओढाताण, सर्व आमच्याकडे ऐकूं येई. सकाळीं नळावर त्याच काकू भेटल्या, कीं आई भाजीच्या भावाविषयीं बोले. चाळींत कुचाळक्या नव्हत्या असें मुळींच नाहीं; भरपूर होत्या. पण पडदीतून आलेलें आणि तोंडानें सांगितलेलें यांत फरक आहे, ही जाणीव आम्हां मुलांना डोळे वटारून दिली जाई. खासगीपणा तेथें भिंतीनें राखलेला नव्हता. तो शेजाऱ्यांनीं राखलेला होता. ऐकून न ऐकल्यासारखें करणें ही तेव्हां एक विद्या होती, आणि ती शिकवावी लागे. ती मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवीत नाहीं. मला स्वतःला तरी ती कितपत येते?

सात-आठ वर्षांपूर्वीं प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीनें निबंध लिहिला. तो कशाविषयीं होता हें येथें सांगत नाहीं. कां, तें पुढें येईल. निबंध इतका सरस होता, कीं मीं त्याच्या पानांचीं छायाचित्रें घेतलीं, वर चार स्तुतीचे शब्द लिहिले, आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर तीं टाकलीं. तिनें तो एका वाचकासाठीं लिहिला होता. दोन दिवसांत तो तिच्या गांवीं पोंचला, आणि जेथें वाचला जाऊं नये नेमका त्याच घरांत वाचला गेला. तिनें तक्रार केली नाहीं. पुढचे तिचे निबंध पावसाळा, ग्रंथालय असल्या विषयांवर येऊं लागले, आणि त्यांचें कारण मला तिच्या मैत्रिणीकडून फार उशिरां कळलें. माझ्या व्याख्यानांतला एकही नियम तिनें मोडला नव्हता. अनर्थ माझ्या हातून झाला, आणि त्या वेळीं माझ्या मनांत कौतुकावांचून दुसरें कांहीं नव्हतें. दुष्ट हेतूनें केलेल्या कृत्याचा निदान पश्चात्ताप तरी लवकर होतो.

यंदाच्या व्याख्यानाच्या शेवटीं मीं ही हकीकत, नांव न घेतां परंतु निबंधाच्या विषयासह, मुलांना सांगितली. सभागृह स्तब्ध झालें. त्याचें मला थोडें समाधानही वाटलें. तेवढ्यांत मागच्या बांकावरून एका मुलानें विचारलें, "सर, हें आम्हांला सांगण्यापूर्वीं तुम्हीं त्यांना विचारलें होतें का?"

विचारलें नव्हतें. त्याच रात्रीं मीं तिला लिहिलें. उत्तर चार दिवसांनीं आलें. क्षमेविषयीं त्यांत कांहीं नव्हतें. हकीकत लिहिण्यास हरकत नाहीं, मात्र निबंधाचा विषय सांगूं नये, आणि मजकूर छापण्यापूर्वीं दाखवावा, एवढेंच होतें. त्याप्रमाणें दाखविला. तिनें दोन वाक्यें खोडलीं. तीं येथें नाहींत.