अश्लीलतेकडून संमतीकडे

लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘द लव्हर्स’ हा चित्रपट १९५८ साली आला. दिजाँ शहरातल्या एका वृत्तपत्रमालकाची बायको संसाराला कंटाळलेली आहे. रस्त्यात तिची गाडी बंद पडते, एक तरुण तिला घरी पोचवतो, त्या रात्री दोघं एकत्र येतात आणि सकाळी ती नवरा, मूल, घर सगळं मागे ठेवून त्याच्याबरोबर निघून जाते. झान मोरोने ही भूमिका केली. व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपटाला परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं. आज त्यातली प्रणयदृश्यं सौम्य वाटतात. त्या काळी मात्र स्त्रीच्या चेहऱ्यावरचं सुख इतक्या जवळून पाहणं अनेकांना सहन झालं नाही, आणि कथेत तिला कुठलीच शिक्षा होत नाही हे त्याहून जास्त खुपलं.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड हाइट्स इथे हा चित्रपट दाखवणारे चित्रपटगृहाचे व्यवस्थापक निको जॅकोबेलिस यांना २,५०० डॉलर दंड झाला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जून १९६४ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी शिक्षा रद्द झाली. न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांनी लिहिलं, की निखळ अश्लील साहित्याची व्याख्या मला कदाचित कधीच करता येणार नाही, पण ते समोर आलं की मी ओळखतो, आणि हा चित्रपट तसा नाही. दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९६४ मध्ये, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मुंबईचे पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दलची शिक्षा कायम केली. तिथे आधार होता १८६८ सालच्या इंग्लंडमधल्या कसोटीचा: ज्यांचं मन सहज बिघडू शकतं अशांच्या हाती हे पडलं तर काय होईल?

निकाल परस्परविरुद्ध लागले, पण दोन्हीकडची काळजी एकाच माणसाची होती. पाहणाऱ्याचं, वाचणाऱ्याचं काय होईल, एवढंच विचारलं जात होतं. कामुक चित्रपटांवरच्या वादांची पुढची साठ वर्षं मी या प्रश्नाच्या संदर्भात वाचतो. त्या काळात प्रेक्षकाची अस्वस्थता नाहीशी झाली नाही. ती स्वतःकडून पडद्यावरच्या माणसाकडे सरकली, आणि हे सरकणं मला प्रेक्षक म्हणून आपलं मोठं होणं वाटतं.

हा बदल सर्वांत स्पष्ट दिसतो तो ‘लास्ट टँगो इन पॅरिस’च्या बाबतीत. दिग्दर्शक बर्नार्डो बेर्तोलुच्ची इटालियन, निर्मिती इटली आणि फ्रान्सची, कथा पॅरिसमधल्या एका रिकाम्या सदनिकेतली. ऑक्टोबर १९७२ मध्ये न्यू यॉर्कच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला. समीक्षक पॉलिन केल यांनी त्या रात्रीची तुलना स्त्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेच्या १९१३ मधल्या पहिल्या प्रयोगाशी केली, कलेच्या इतिहासातला हा टप्पा आहे असं त्यांचं म्हणणं होतं. इटलीत उलट घडलं. १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश कायम केला. बेर्तोलुच्चींना चार महिन्यांची स्थगित कैद झाली आणि पाच वर्षं त्यांचा मतदानाचा हक्क गेला. चित्रपटावरची बंदी उठायला १९८७ उजाडलं.

बंदी घालणारे आणि गौरव करणारे कडाडून भांडले. पण चित्रीकरणाच्या वेळी अवघी १९ वर्षांची असलेली चित्रपटाची नायिका मारिया श्नायडर त्या भांडणात कुठेही नव्हती. एका गटाला ती अनीतीची खूण वाटली, दुसऱ्याला मुक्तीची. २००७ मध्ये तिने एका मुलाखतीत सांगितलं, की चित्रपटातला लोण्याचा वापर असलेला बलात्काराचा प्रसंग तसा पटकथेत नव्हता, ऐन वेळी तिच्यापुढे आला, आणि पडद्यावरचे अश्रू खरे होते. संभोग अभिनयाचाच होता, अपमान मात्र खरा होता. २०११ मध्ये ती गेली. २०१३ मध्ये बेर्तोलुच्चींनी पॅरिसमध्ये कबूल केलं, की लोण्याची कल्पना त्या सकाळी आपल्याला आणि नायक मार्लन ब्रँडोला सुचली आणि ती मुद्दाम मारियापासून लपवली, कारण नटीची प्रतिक्रिया नको होती, मुलीची हवी होती. पुढे त्यांनी खुलासा केला, की प्रसंगातली हिंसा पटकथेत होतीच, नवीन होतं ते फक्त लोणी. हा खुलासा लक्षात घेऊनही मुख्य गोष्ट बदलत नाही. तिला अंधारात ठेवलं गेलं, आणि तेच कलेचं साधन ठरलं.

मधल्या काळात आणखी एक विचार मूळ धरत होता. १९७५ मध्ये ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी दाखवून दिलं, की व्यावसायिक चित्रपटातला कॅमेरा बहुधा पुरुषाच्या डोळ्यांनी पाहतो आणि प्रेक्षकालाही तिथेच बसवतो. त्यामुळे किती दाखवलं यापेक्षा कुणाच्या नजरेने दाखवलं हे विचारावं लागलं. काथरीन ब्रेया यांचा ‘रोमान्स’ १९९९ मध्ये आला तेव्हा स्त्रीची इच्छा, तिचा कंटाळा, तिची लाज स्त्रीनेच मांडली होती. पुढच्या वर्षी व्हिर्जिनी देपाँत आणि कोराली त्रिन ती यांच्या ‘बेझ-म्वा’चा परवाना प्रदर्शनानंतर दोनच दिवसांत फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने रद्द केला. विरोधात ब्रेया आणि अनेक कलावंत उभे राहिले. बलात्काराविषयीचा संताप स्त्रियांनी पडद्यावर आणला की तो अश्लील ठरतो, असा त्या वादाचा एक अर्थ मला लागतो.

२०१३ मध्ये अब्देलातिफ केशिश यांच्या ‘ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर’ला कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. स्टीव्हन स्पिलबर्ग अध्यक्ष असलेल्या परीक्षक मंडळाने ते दिग्दर्शकाबरोबर आदेल एक्झार्कोपुलोस आणि लेआ सेदू या दोन्ही अभिनेत्रींनाही दिलं. प्रेक्षक मात्र वेगळ्याच रेषेवर विभागले गेले. ज्या चित्रकादंबरीवर चित्रपट बेतला, तिच्या कर्तीनेच लिहिलं, की सेटवर एकही समलिंगी स्त्री नव्हती हे त्या शृंगारदृश्यांत दिसतं. काही महिन्यांत दोन्ही अभिनेत्रींनी चित्रीकरणातल्या छळाविषयी सांगितलं. एका दृश्याला दहा दिवस लागले होते, आणि या दिग्दर्शकाबरोबर पुन्हा काम करणार नाही असं त्या म्हणाल्या. आक्षेप घेणाऱ्या कितीतरी जणांना नग्नतेचं काही वाटत नव्हतं. त्यांचा प्रश्न एवढाच होता, की हे करताना त्या दोघींना ‘नको’ म्हणता येत होतं का?

आता चित्रीकरणात शृंगारदृश्यांसाठी इंटिमसी कोऑर्डिनेटर नेमले जातात. काय होणार, कुठे हात लागणार, काय दिसणार हे आधी ठरतं. मुंबईच्या हिंदी चित्रसृष्टीतही हे सुरू झालं आहे. यामुळे उत्स्फूर्तता मरते असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारेन, की रंगमंचावरची तलवारबाजी तालमीशिवाय कधी झाली आहे का?

आपल्याकडे महोत्सवांत परदेशी चित्रपट सेन्सॉरच्या कात्रीविना पाहायला मिळतात. पणजीच्या इफ्फीत किंवा पुण्याच्या पिफमध्ये त्यासाठी रांगा लागतात. त्या रांगेत चित्रपटकलेचे जाणकार असतात आणि केवळ ‘त्या’ दृश्यासाठी आलेलेही असतात. बाहेरून संस्कृतीच्या नावाने आक्षेप घेणाऱ्याची नजरही त्या दृश्यापलीकडे जात नाही. आपली बरीचशी चर्चा अजून १९६४ मध्येच अडकली आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये पॅरिसच्या सिनेमाटेक या चित्रपटसंस्थेने ‘लास्ट टँगो’चा खेळ ठेवला. श्नायडरच्या बाबतीत जे झालं त्याचा पुरेसा उल्लेख नाही म्हणून स्त्री-संघटनांनी आक्षेप घेतला. संस्थेने चर्चा ठेवायचं मान्य केलं, पण शेवटी सुरक्षेचं कारण देऊन खेळच रद्द केला. माझ्या मते हे चुकलं. १९७६ मधल्या न्यायालयाने चित्रपट लोकांपासून लपवला होता. २०२४ मधल्या आक्षेपकांची मागणी उलट जास्त काही सांगितलं जावं अशी होती. दोघांना एकाच मापाने मोजणं हा त्या मागणीवर अन्याय आहे. असे चित्रपट दाखवले जावेत, कापले जाऊ नयेत. मात्र खेळ सुरू होण्याआधी मारिया श्नायडरचं म्हणणं प्रेक्षकांना सांगितलं गेलं पाहिजे. आपल्या फिल्म सोसायट्यांनी, महोत्सवांनी आणि चित्रपट शिकवणाऱ्या संस्थांनी ही प्रथा सुरू करावी. दिग्दर्शकाची प्रतिभा समजावून सांगायला आपण अर्धा तास देतो, त्यातली पाच मिनिटं त्या नटीसाठी राखून ठेवावीत.