‘विवाह’ शब्दाचा मर्म

मराठी घरांतून ‘लग्न’ हा शब्द अधिक रूढ आहे. ज्योतिषशास्त्रात पूर्व क्षितिजावर उदय पावणाऱ्या राशीस लग्न म्हणतात. त्या शुभ वेळी होणाऱ्या संस्कारासही पुढे तेच नाव पडले. परंतु एका राशीचा उदय सरासरी २ तासांत आटोपतो. मुहूर्त सरल्यावर जे जन्मभर उरते, ते सांगणारा शब्द ‘विवाह’ हा होय.

‘वि’ उपसर्गापुढे ‘वह्’, म्हणजे वाहणे अथवा नेणे, हा धातू येऊन ‘विवाह’ शब्द सिद्ध होतो. वधूस पित्याच्या घरून पतिगृही नेणे, हा त्याचा मूळ अर्थ. ऋग्वेदाच्या १० व्या मंडलातील ८५ व्या सूक्तात सूर्येच्या रथप्रवासाचे वर्णन आहे, ते याच अर्थाचे. ‘वधू’ शब्दाची व्युत्पत्तीही परंपरा याच धातूपासून देते.

तर मग वर तेवढा नेणारा आणि वधू केवळ नेली जाणारी, असे समजावे काय? संस्काराचे उत्तर निराळे आहे. सप्तपदीत वधू स्वतःच्या पायांनी चालते. अन्न, बल, धन, सुख, संतती आणि ऋतू यांसाठी ६ पावले, व ७ वे सख्यासाठी, असा आश्वलायन गृह्यसूत्रातील क्रम आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही, जेथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तेथे, ७ वे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक मानला आहे. प्रवासाचा आरंभ नेण्याने होत असला, तरी त्याची परिणती सख्यात आहे. आणि सख्यात भार एकाच्याच खांद्यावर राहत नाही.

गीतेच्या ९ व्या अध्यायातील २२ व्या श्लोकात, अनन्य भक्ताचा योगक्षेम आपण वाहतो, असे भगवंतांनी सांगितले आहे. तेथील क्रियापदही ‘वह्’ धातूचेच. सर्वसमर्थ असूनही भगवंत भार उचलतात, तो भक्तावर लादीत नाहीत. हा आदर्श समोर ठेवला म्हणजे हुंडा मागणाऱ्याची विपरीत बुद्धी उघड होते. १९६१ च्या कायद्याने हुंड्यास मनाई केली. पण ज्याने वधूचा योगक्षेम वाहण्याचे व्रत घेतले, त्याने तिच्या पित्याच्या खांद्यावर ओझे ठेवावे, हे त्या शब्दाच्या अर्थालाच सोडून आहे.

घरातील नित्य व्यवहारासही हीच कसोटी लागू पडते. पहाटेपासून रात्रीपर्यंत सारा भार एकटी गृहिणी वाहत असेल आणि पती केवळ सेवेचा अधिकारी होऊन बसला असेल, तर त्या घरी लग्न झाले खरे. विवाह मात्र अद्याप व्हावयाचा आहे.