रोखण्याआधी

आमचं शेत आजऱ्याच्या डोंगरकडेला, रानाला लागून. खालच्या खाचरात घनसाळ भात, वर माळाला नाचणा. नाचणा कणसात आला की डुकरं उतरायची. कळप शिरला की सकाळी पीक कुठलं आणि चिखल कुठला ते कळत नसे. आबांच्या नावावर पीकसंरक्षणाचा परवाना होता आणि तीनशेपंधराची रायफल. पण तेवढ्यानं भागत नाही. १९७२ च्या कायद्यानं रानडुकरालाही संरक्षण आहे. उभं पीक नासवणारं डुक्कर मारायचं तरी वन खात्याची लेखी परवानगी लागते. त्या साली ती मिळाली होती.

भाद्रपदातली दिवेलागणीची वेळ. भुरभुर पाऊस. रायफल माझ्याकडे, आबा शेजारी. बांधापलीकडं काहीतरी काळं, वाकलेलं हललं. मी माशी त्यावर धरली, बोट चापावर गेलं, आणि ते काळं खोकलं. शेजारची आक्का इरलं पांघरून खाचरातलं पाणी काढत होती. बार झाला नाही, एवढंच. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आक्काला आम्ही दोघांनीही काही सांगितलं नाही.

मी ठरवलं, रायफलीवर दुर्बीण बसवायची. दोष अंधाराचा आणि डोळ्याचा, तर डोळाच सुधारू. मुंबईत एका बंदुकीच्या दुकानात गेलो. मला मोठ्यात मोठी, नऊ पटीची हवी होती. दुकानदार जाणता होता. तो म्हणाला, चाळीस मिलिमीटरच्या भिंगाला नऊनं भागा, डोळ्यात येणारा उजेडाचा ठिपका साडेचार मिलिमीटरसुद्धा भरत नाही. तेच बत्तीसचं भिंग आणि चार पट घ्या, आठ मिलिमीटर. अंधारात माणसाची बाहुली फार तर सातापर्यंत उघडते, वय झालं की तेवढीही नाही. म्हणजे तिन्हीसांजेला लहान पटच चांगली. शिवाय नऊ पटीत शंभर मीटरवरचं जेमतेम चार मीटर रान दिसतं. डुकराचं केसन् केस दिसेल, पण त्याच्या बाजूला कोण उभं आहे ते नाही.

मी चार पटीची पसंत केली, पैसे मात्र दिले नाहीत. घरी येऊन आबांना सगळं सांगितलं. ते ऐकत तंबाखू मळत बसले होते. मग म्हणाले, "म्हंजे ते काळं काय हाय ते बगायला आदी त्येच्यावर बंदूक धरायची?"

"होय."

"मग आक्कावर तू दुसऱ्यांदा बंदूक धरणार की रं. फकस्त आवंदा ती चांगली दिसंल."

मला उत्तर सुचलं नाही. दुर्बिणीनं नेम चांगला लागतो, जनावर जखमी होऊन रानात कुजत मरत नाही, ही तिची बाजू खरीच आहे. जखमी डुकराचा माग मी काढलाय, त्यामुळं तिला कमी लेखत नाही. पण माझी चूक नेमाची नव्हती. नेम बरोबर आक्कावर होता. ओळखायच्या आधी ठरवलं होतं, ती चूक. रायफलीवर बसवलेल्या डोळ्यानं बघायचं म्हणजे निकाल आधी आणि साक्ष मागून.

मी हातातली दुर्बीण घेतली, सात पट, पन्नासचं भिंग. रायफल मांडीवर, डोळ्याला दुर्बीण. पुढल्या साली पुन्हा परवानगी मिळाली. आश्विनातल्या एका संध्याकाळी कळप उतरला. पुढं मादी, मागं पट्ट्यापट्ट्यांची पाच पिल्लं. साध्या डोळ्यांना ते एक काळं धूड दिसलं असतं आणि मी बार काढला असता. दिसलं म्हणून काढला नाही. कळप आमच्या नाचण्यातून आक्काच्या शेतात शिरला.

दुसऱ्या दिवशी ती दारात. "परवानगी हाय, बंदूक हाय, आन् बसून बगत व्हतास व्हय रं? माझं वरीसभराचं खाणं गेलं."

तिचं खोटं नव्हतं. दया मी केली, पण तिची किंमत आक्कानं भरली. बघून मग ठरवावं हे मला पटलं होतं, पण बघितलं म्हणजे ठरवणं सोपं होतं असं नाही. उलट अंधारात होतं तेच सोपं होतं. त्याच आठवड्यात मी एक नर मारला, नीट बघून. हाताला कंप होता.

सुगीत आमच्यातला चार पायल्या नाचणा तिच्या घरी नेऊन ठेवला.

"एवढा कशापायी?" आक्का म्हणाली.

"तुझी नुकसानी झाली न्हवं, त्येची भरपाई," मी म्हणालो. तिनं सूप पुढं केलं. इरलं भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. मी तिकडं न बघता नाचणा ओतला.